साताचे बावन्न

प्रेक स्वाय,
५ ऑक्टोबर २००३

चरिया,

रितने तुझा निरोप गाडीतून न उतरता, इंजिन चालू ठेवून, सगळ्या वाटेला ऐकू जाईल असा दिला. "गुरुजी, पोरगी नापास कशी काय झाली, विचारलंय तुमच्या लेकीनं." माझ्या दारात त्या वेळी तिघे पालक उभे होते. त्यांची मुलं पास झाली होती.

असले निरोप तोंडी पाठवायचे नसतात. तुला लिहिता येतं, मीच शिकवलं आहे. रितच्या पिकअपमधून सीमेपर्यंत माणसं जातात, कोंबड्या जातात, परत येताना प्लास्टिकच्या खुर्च्या येतात; त्याच ढिगात माझ्या घरची गोष्ट नको. म्हणून उत्तर कागदावर देतो, पाकीट चिकटवून. रितला वाचता येत नाही हे बरंच आहे.

कुंथिया नापास झाली, कारण सात लिही म्हटल्यावर तिने ५२ लिहिले.

तू म्हणशील, हे मला काय सांगता. पण तू तीन वर्षं परक्या मुलखात परके आकडे ऐकते आहेस. त्यांच्याकडे साताला सरळ एक नाव आहे. आपल्याकडे नावं पाचापर्यंतच. पुढे सहा म्हणजे पाच-एक, सात म्हणजे पाच-दोन, आठ पाच-तीन, नऊ पाच-चार, आणि मग दहाला नवं नाव. पोर 'पाच-दोन' ऐकतं, पाच लिहितं, शेजारी दोन लिहितं. झाले बावन्न. या देशात दर वर्षी पहिलीच्या प्रत्येक वर्गात ही चूक होते. आणि तुला म्हणून सांगतो, ती मठ्ठ मुलांची चूक नाही. घोकणारी मुलं ती करत नाहीत. नीट ऐकून लिहिणारी करतात. तूही केली होतीस.

ही चूक साधारण नोव्हेंबरात, होड्यांच्या शर्यतींपर्यंत निघते. कुंथियाची वर्षअखेरीपर्यंत निघाली नाही. नात म्हणून मी वेगळी फूटपट्टी लावत नाही, एवढंच.

शिवाय अट तुझी आहे, माझी नाही. कोळंबीच्या शेडमागच्या त्या शाळेत एकच बाई, पहिली झालेलीच मुलं त्या घेतात, बाकीची आईशेजारी उकिडवी बसून कोळंबी सोलतात, हे तूच सांगून पाठवलंस. मग आता सांग, नापास पोर पाठवू? बर्फात हात घालायला? तिची बोटं अजून पेन्सिल नीट धरायला शिकताहेत.

जुलैत पुन्हा परीक्षा आहे. तोवर ती इथेच राहील.

पितरांच्या पंधरवड्यात तू आली नाहीस. पहाटे विहाराभोवती तुझ्या आईच्या नावाचे भाताचे गोळे कुंथियाने टाकले. अंधारात घाबरली नाही.

तुझा बाप,
हेम


२१ डिसेंबर २००३

चरिया,

चपला मिळाल्या. एक बोट मोठ्या आहेत. तिच्या पायाचं माप तू मनाने घेतलंस, ते बरोबरच्या जवळ आलं, हे कबूल करतो. पुढच्या वेळी मी कागदावर पाऊल आखून पाठवीन.

तू विचारलंस (या वेळी रितने निदान आवाज खाली ठेवला) की मी तिला नेमकं शिकवतो काय. सांगतो.

ताडाच्या पात्यांच्या शिरा वाळवून, एकसारख्या कापून, पाच-पाचाच्या जुड्या करतो. जुडी म्हणजे एक हात. एक जुडी आणि दोन सुट्या काड्या, म्हणजे पाच-दोन. हे मुलांना लगेच कळतं, कारण जीभ आधीच ते म्हणत असते. मग दोन जुड्या एकत्र बांधायच्या, त्याचा दहाचा भारा. तो बांधला की डावीकडच्या घरात जायचा. आणि इथे खरी मेख आहे. डावीकडच्या घरात फक्त भारा जातो, जुडी कधीच नाही. ज्या पोराला हे कळलं, ते सातासाठी पाच डावीकडे लिहिणार नाही, कारण पाचाची जुडी त्या घरात शिरूच शकत नाही. ही रीत मला कोणी दाखवली नाही. विहारात पाणी भरायला होतो तेव्हा थोरल्या भिक्खूंनी बेरीज-वजाबाकी दाखवली. बाकीचं माझं मी. एकोणऐंशीत, शिकलेल्यांना मारणारे गेल्यावर, गावाने विचारलं, कोणाला हिशेब येतो, तेव्हा हात वर करणारे फार नव्हते. मला फळा दिला. तेव्हापासून पहिलीच. ज्यांच्याकडे कॉलेजची कागदपत्रं आहेत त्यांना वरचे वर्ग मिळतात. माझी पोरं दर वर्षी पुढच्या खोलीत जातात, मी त्याच खोलीत. तक्रार नाही. भिंतीवरची ओल कुठवर चढते ते मला पाठ आहे.

कुंथिया जुड्या सुरेख बांधते. पाटीवर मात्र अजून ५२ येतात.

आणखी एक. हे तुला कळवायलाच हवं असं नाही, पण मी काही दडवतो असं नंतर म्हणू नकोस. रविवारी ती शेजारच्या येय माव म्हातारीबरोबर बाजारात संत्री विकायला बसते. आपली फळं मोजायची रीत तुला माहीत आहे, दोन्ही हातांत दोन-दोन, एका उचलीत चार, अशा दहा उचली म्हणजे चाळिसाचा एक वाटा. मी मीठ घ्यायला गेलो होतो. कुंथिया एका बाईला संत्री मोजून देत होती, मध्ये गप्पा मारत, नाक पुसत, आणि चुकत नव्हती. बाईने दोन सडकी काढून टाकली तर हिने न थांबता दोन भरली.

येय माव मला म्हणाली, "गुरुजी, ही तुमच्यापेक्षा झपाट्यानं मोजते हो. हिला नापास करणारा मास्तर कोण तो दाखवा मला." आणि स्वतःच हसली.

बाजारातलं मोजणं वेगळं. तिथे हात मोजतात. पाटीवर डोकं मोजतं. हा फरक येय मावला समजावण्यात अर्थ नव्हता. मी मीठ घेऊन आलो.

हेम


१५ फेब्रुवारी २००४

चरिया,

शेवटी तू लिहिलंस. पाच ओळी. त्यातली चौथी अशी: "तुम्ही तिला सोडणार नाही, म्हणून ती पास होणार नाही."

हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. त्यात शुद्धलेखनाची एक चूक आहे, ती सोडून देतो.

मी पाटीवर असेल तेच बघतो. ज्या खोलीत मी शिकवतो तिथे वह्या तपासायच्या भानगडी नाहीत. मी गणित सांगतो. पट्टीचा पहिला ठोका, मुलं लिहितात. दुसरा ठोका, सगळ्या पाट्या एकदम वर. बरोबर ते बरोबर, चूक ते चूक, मग पुसा. त्यात आजोबा, तिचा 'ता', कुठे शिरणार? एकदा पुसलेल्या पाटीला नातं-गोतं काही राहत नाही.

पण तू असा आरोप केलास म्हणून मी तो आपल्या मुख्याध्यापकांकडे स्वतः नेला. तो पिसेत, आठवतो ना, आता मुख्याध्यापक आहे. माझ्याच पहिलीत शिकला, नाक गळायचं, आता खिशाला दोन पेनं. मी म्हटलं, माझ्यावर घरातूनच शंका आहे. तो खुर्चीतून उठला, मला बसायला लावलं, स्वतः उभा राहिला. मग हळूच म्हणाला की गुरुजी, गावातही बोलतात. काय बोलतात विचारलं. सांगेना. मी त्याच्याकडे पहिलीतल्या पोराकडे बघावं तसं बघितलं, तेव्हा म्हणाला, "म्हणतात, गुरुजींची नात पहिलीतच म्हातारी होणार, आणि तिथेच तिचं लग्न लावून देणार."

मी हसलो. हसायला हवं होतं.

जुलैची परीक्षा पिसेत स्वतः घेणार आहे. निकाल त्याचा. आता झालं तुझं समाधान?

कुंथियाने मला विचारलं की सीमेवर मुलांना रितच्या गाडीत मागे ताडपत्रीखाली झोपवतात हे खरं का. हलायचं नाही, खोकायचं नाही, वरून कोंबड्यांच्या डालग्या. मी म्हटलं, काहींना नेतात तसं. खोटं कशाला बोलू? हे तिच्या कानावर कोणी घातलं ते विचारू नकोस. गावात सगळे बोलतात.

हेम


१८ एप्रिल २००४

चरिया,

नवं वर्ष झालं. तू आली नाहीस. मी तुला येऊ नकोस म्हटलं होतं, पण ते तू गेलीस त्या वर्षाच्या सणाबद्दल. दर वर्षाबद्दल नाही.

विहाराच्या अंगणात मुली गारंबीच्या बिया फेकायचा खेळ खेळल्या. हरलेल्यांच्या गुडघ्यांवर जिंकलेल्यांनी बिया आपटायच्या, ते तसंच चालू आहे. कुंथिया दोन्ही बाजूंचे गुण तोंडी ठेवत होती. मोठ्या मुली भांडायला लागल्या की तिला विचारायच्या, आणि ती सांगेल ते मानायच्या.

ऊन फार होतं. मी लवकर घरी आलो.

हेम


९ जून २००४

चरिया,

हे पत्र मी तीनदा फाडलं. चौथ्यांदा लिहितो आहे तेही पाठवीन की नाही माहीत नाही. पण पाकिटावर तुझं नाव आधीच घातलं आहे.

गेल्या आठवड्यात पावसाला सुरुवात झाली. पत्र्यावर आवाज एवढा की मला ओरडून गणितं सांगावी लागत होती. उभी बेरीज होती. सात अधिक पाच. पहिला ठोका. दुसरा ठोका. पाट्या वर.

खिडकीशेजारच्या, वर्गात उशिरा आलेल्या मुलाने सातासाठी ५२ लिहिले, खाली ५, रेघ मारली आणि उत्तर ५७. बरोबर आहे. म्हणजे चूक आहे, पण खरी चूक आहे. त्याने बावन्नात पाच मिळवले. ज्याचा सात बावन्न असतो, त्याची बेरीज सत्तावन्नच यायला हवी.

कुंथियाच्या पाटीवर वर ५२ होते, खाली ५, मग रेघ. रेघेखाली १२.

तुला कळलं ना? मला कळायला क्षणभरही लागला नाही. मी हेच करत आलो आहे. तिने डोक्यात सात आणि पाच मिळवून बारा केले. मग वर जाऊन साताच्या जागी बावन्न लिहिले. बावन्न तिने मला दाखवण्यासाठी लिहिले होते. उत्तर चुकवायचं मात्र विसरली. सात वर्षांच्या पोराला खोटं पूर्ण नेमकं बोलता येत नाही.

मी "पुसा" म्हटलं. सगळ्यांनी पुसलं.

शाळा सुटल्यावर तिला थांबवलं. पाऊस होताच, म्हणून इतर मुलंही व्हरांड्यात उभी होती. मी दार लोटून घेतलं. तिला म्हटलं, सात दाखव. तिने एक पंजा उघडला आणि दुसऱ्या हाताची दोन बोटं. लिही म्हटलं. तिने ५२ लिहिले आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, आता खरं लिही. तरी ती माझ्याकडेच बघत राहिली, पाटीकडे नाही. मग कोपराने पुसलं आणि ७ लिहिला. चांगला, वळणदार. मी फळ्यावर काढतो तसा.

"मग वर्गात असं का लिहितेस?"

"सात लिहिलं की तुमचं तोंड असं होतं, ता." आणि तिने ते तोंड करून दाखवलं. चरिया, मी आयुष्यात माझी इतकी हुबेहूब नक्कल पाहिलेली नाही. ओठ आत, डोळे पाटीवरून उडून खिडकीबाहेर, रस्त्यावर. रितची गाडी जिथे थांबते तिकडे.

"आणि बावन्न लिहिलं की?"

"मग तुम्ही रागावता. पण खोटं खोटं."

मी फळ्याकडे वळून खडू शोधू लागलो. खडू हातातच होता.

तुला हे समजावं म्हणून एक व्यवसायातली गोष्ट सांगतो. पहिलीतलं पोर उत्तर पाटीवर शोधत नाही, मास्तरच्या चेहऱ्यावर शोधतं. सात म्हणू का आठ, हे ते तुमच्या भुवईवरून ठरवतं. म्हणून शिकवणाऱ्याने ठोका दिल्यावर चेहरा भिंतीसारखा ठेवायचा असतो. नवीन मास्तर आले की मी त्यांना हे पहिल्याच दिवशी सांगतो. सांगताना मला अभिमान वाटतो, कारण माझ्या वर्गात माझ्या चेहऱ्यावरून कुणाला काही मिळत नाही, असं मी समजत होतो.

गेल्या वर्षी तिने ती चूक खरोखर केली होती. ती नोव्हेंबरात निघाली नाही, एवढं खरं. कधी निघाली ते मला सांगता येत नाही. जी चूक मी रोज बघत होतो ती कधी संपली, हे मला, या गावात मला, सांगता येत नाही. की सांगायचं नव्हतं. संत्री मोजताना पाहिलं तेव्हा मी मीठ घेऊन आलो. बिया मोजताना पाहिलं तेव्हा ऊन होतं.

मी तिला विचारलं, आईकडे जायचं आहे का. म्हणाली, जायचंय, पण ताडपत्रीखाली नाही. मग बराच वेळ पाटीच्या लाकडी चौकटीला नख लावत बसली. मला वाटलं, आता माझ्याबद्दल काही म्हणेल. ता एकटे राहतील, असं काहीतरी. तसलं काही नाही. तिने विचारलं, "आईला कुठलं उत्तर आवडतं?"

मला माहीत नाही, असं मी सांगितलं. हा प्रश्न जसाच्या तसा तुला पाठवतो आहे. तुझा चेहरा तिला आठवत नाही, आणि मला आठवतो तो तू जातानाचा.

पत्रात काय मागायचं असतं ते मला कळत नाही. पास करा म्हणून पिसेतला सांगणं माझ्याने होणार नाही. परीक्षा त्याची आहे आणि पाटी तिची. पण मी समोर उभा राहिलो तर ती बावन्न लिहील. आणि उभा नाही राहिलो, तर पोरं बिथरतात, त्यांना माझ्या आवाजाची सवय आहे. मी बरोबर चेहरा करायचा प्रयत्न केला तर ती ओळखेल की तो मुद्दाम केलेला आहे. खोटं खोटं काय असतं हे तिला माझ्याकडूनच समजलं आहे. गेले चार दिवस मी ही आकडेमोड करतो आहे, आणि कुठूनही सुरुवात केली तरी तिथेच येऊन अडकते.

हेम


४ जुलै २००४

चरिया,

परीक्षा झाली. आधी निकाल सांगतो, तू शेवटची ओळ आधी वाचतेस हे मला ठाऊक आहे, लहानपणीही वाचायचीस. पास. दहापैकी दहा.

आता कसं झालं ते ऐक.

पिसेत मागे बाकावर बसला. गणितं मीच सांगावीत, मुलांना तो आवाज ओळखीचा, असं त्यानेच ठरवलं. मी हो म्हटलं. वर्गात गेलो, मुलांना नमस्कार करायला लावला, बसवलं. मग फळ्याकडे तोंड केलं आणि मुलांकडे पाठ. पिसेत म्हणाला, "गुरुजी, इकडे." मी म्हटलं, असंच होईल. त्याने पुन्हा विचारलं नाही. माझ्याच हाताखालचा आहे.

पहिलं गणित सांगितलं. पट्टीचा ठोका. पाट्यांवर पेन्सिली कुरकुरल्या. दुसरा ठोका. पाट्या वर गेल्याचा आवाज येतो, तुला माहीत आहे का? बाह्या घासल्याचा, आणि थोडी हवा हलल्याचा. इतकी वर्षं मला तो ऐकू आला नव्हता, कारण मी बघत होतो. माझ्या समोर काळा फळा, आणि डाव्या कोपऱ्यात कालची तारीख पुसायची राहिलेली. मी तिच्यावर डोळे ठेवले. चौथं गणित सात अधिक पाच होतं. मी ते वगळलं नाही, आधी किंवा नंतरही सरकवलं नाही, जिथे होतं तिथेच सांगितलं. माझा आवाज बदलला असेल तर पिसेतला विचार. मला तरी तो नेहमीसारखाच वाटला.

संपल्यावर मुलं बाहेर पळाली. कुंथियाही पळाली. पिसेत कागद घेऊन माझ्याजवळ आला, दहापैकी दहा म्हणाला, आणि जाईना. मी फळा पुसत होतो. मग तो म्हणाला, "गुरुजी, एक सांगू? बाकीच्यांच्या पाट्या खाली गेल्या तरी तिची वरच. दर वेळी. तुमच्या पाठीला दाखवत होती."

मी त्याला म्हटलं, पुढच्या वर्षीसाठी पत्रा दुरुस्त करून घे, पावसात ऐकू येत नाही. तो म्हणाला, हो गुरुजी.

संध्याकाळी जेवताना मीच म्हटलं की तू पास झालीस, आईकडे जायचं आहे. माशाचा मधला तुकडा तिच्या पानात टाकला. तिने तो अर्धा करून अर्धा परत माझ्या पानात टाकला आणि म्हणाली, "चपला आता बरोबर होतात, ता."

आता व्यवस्था.

एक: ती ताडपत्रीखाली जाणार नाही. रितशी बोललो. तो म्हणाला, पुढची जागा पोलिसांच्या मेव्हण्यांसाठी असते. मी म्हटलं, त्याची दोन्ही मुलं ऑक्टोबरात माझ्या वर्गात यायची आहेत. तो म्हणाला, गुरुजी, धमकी देता का. मी म्हटलं, नाही, आठवण देतो. पुढची जागा मिळाली. तिच्याशेजारी मी बसणार आहे.

दोन: शाळा उघडायच्या आदल्या आठवड्यात, सीमेवरच्या पुलाअलीकडच्या बाजाराच्या दारापर्यंत मी आणीन. तिथून पुढचा पास, तिचं नाव, तिचा फोटो, हे सगळं तुझ्या हातात तयार असू दे, आणि तू स्वतः ये. कुणाला पाठवू नकोस. दाराजवळ बर्फाच्या गाड्या उभ्या असतात असं रित सांगतो. त्यांच्या डाव्या अंगाला थांब, उजव्या अंगाला हमाल धक्के देतात.

तीन: मी पूल ओलांडणार नाही. पहिलीच्या नव्या मुलांची नावं त्याच आठवड्यात घ्यायची आहेत. दुसरं कोणी ती घेईल, पण नावाबरोबर मूल कुठल्या हाताने लिहितं हे ते विचारणार नाहीत.

चार: तिथल्या बाईंना सांग, ही पोर साताला कधी कधी पाच-दोन म्हणेल. चूक नाही ती. त्यांनी पाचाची एक जुडी बांधून दिली की पुरे. जुड्या मी तिच्या पिशवीत घातल्या आहेत, दोरा सैल झाला तर पुन्हा बांधायला तिला येतं.

आणि तिने तुला काही करून दाखवलं, पाटी, कोळंबी, काहीही, तर लगेच बघ. आधी बघ. तुला ते आवडलं की नाही ते नंतर.

एवढं लिहून झाल्यावर उरतं ते असं. पुलाजवळ ती तुझा हात धरून जाईल आणि वळून बघेल. वळणारच. त्या वेळी फळा नसेल, मला पाठ करून उभं राहता येणार नाही. आणि राहिलो तर ती तिथेच थांबेल, पाटी वर धरल्यासारखी. म्हणजे चेहरा समोर ठेवावा लागेल, आणि त्यावर 'जा' लिहिलेलं असायला हवं. ते तिला वाचता येतं. थोडंसुद्धा खोटं असलं तरी वाचता येतं.

सराव करतो आहे. सकाळी ती विहिरीवर गेली की रांजणाच्या पाण्यात बघून करतो. परवा येय मावने कुंपणावरून पाहिलं. म्हणाली, "गुरुजी, दाढ दुखतेय का?"

अजून जमलेलं नाही.

हेम